ता, दिं, थुं, ना

(द्वितीय वर्ष, कला)

मृदंगाशी माझी ओळख झाली ती स्वयंपाकघरात. मी सात-आठ वर्षांची असेन. एकादशीला आबा, म्हणजे माझे आजोबा, देवळात भजनाला निघाले की परातीत मूठभर गव्हाचे पीठ घेऊन कणकेचा गोळा मळून देणे हे माझे काम असे. मृदंगाच्या उजव्या तोंडावर शाई कायमची बसवलेली असते. डाव्या तोंडावर मात्र दर वेळी ओली कणीक थापावी लागते. तिच्या वजनानेच डाव्या हाताला तो घुमणारा खर्ज मिळतो. कणीक सैल झाली तर नीट बसत नाही, वाळली की घुमारा जातो. हे मला बोल कळण्याच्या कितीतरी आधी कळत होते. वाजवणे संपले की कणीक खरवडून काढायची, तेही माझ्याकडेच होते. मधल्या वेळात मृदंगाला हात लावायचा नाही, हेही ठरलेले होते. तो हक्क दादाचा होता.

पुस्तकात ज्याला पखवाज म्हणतात त्यालाच आमच्याकडे, खटाव तालुक्यात, मृदंग म्हणतात. संध्याकाळी ओट्यावर बसून आबा दादाला शिकवीत आणि आई व मी आत चुलीपाशी काम करीत ऐकत असू. पुढे दादा चाकणला कंपनीत लागला. मृदंगाची खोळ महिना महिना निघेना. आबांची बोटे आखडू लागली होती. बारावीची परीक्षा झाली त्या सुट्टीत मी एकदा धीर करून म्हटले, "आबा, मला शिकवा."

वडील म्हणाले, "कॉलेजात घालतोय न्हवं, त्येच शीक." आबा काहीच बोलले नाहीत. रात्री जेवून उठताना मात्र म्हणाले, "पहाटं ऊठ."

पहाटे मी मोठ्या हौसेने मृदंगापुढे बसले, तर आबांनी तो बाजूला सारला. पहिले पंधरा दिवस मला वाद्य मिळालेच नाही. आधी तोंडाने म्हणायचे, हाताने टाळी धरायची. ता, दिं, थुं, ना. एवढेच. नंतर चौताल आला: धा धा, दिं ता, किट धा, दिं ता, तिट कत, गदि गन. मात्रा बारा. पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि अकराव्या मात्रेवर टाळी. तिसऱ्या आणि सातव्या मात्रेला काल, तिथे हात नुसता बाजूला न्यायचा. आबांना लिहिता येत नाही. ते अंगठ्याने बोटांची पेरी मोजतात. चार बोटांची बारा पेरी, चौतालाच्या बारा मात्रा. भजनाचा ठेका आठ मात्रांचा असतो, मग चौताल कशाला, असे मी विचारले. आबा म्हणाले, "बाराची वाट चालली म्हंजी आठाला दम लागत न्हाई."

मग वाद्य मिळाले आणि माझी खरी फजिती सुरू झाली. 'दिं'ला तळवा शाईवर पडताच उचलावा लागतो, नाहीतर नाद तिथेच मरतो. 'तिट' बंद बोल, तिथे नाद उरताच कामा नये. 'धा' म्हणजे उजव्या हाताचा 'ता' आणि डाव्याचा 'ग' एकाच क्षणी. माझे दोन हात एका क्षणी कधी भेटतच नसत. डावा हात नेहमी मागून येई. मला वाटे, जलद वाजवले की हे झाकले जाईल. मी दुगुणीत धाव घेतली की आबा मृदंगावर हात ठेवीत. "ठायीत वाजीव. ठायीत चूक लपत न्हाई." आणि ठाय लय, म्हणजे अगदी संथ, हीच सर्वांत अवघड निघाली. दोन मात्रांमधली मोकळी जागा सांभाळताना जीव कासावीस होई.

जूनमध्ये मी इथे कॉलेजात आले. वसतिगृहात मृदंग कुठला? गुंडाळलेल्या वळकटीवर मी हात चालवीत असे. खोलीतल्या मैत्रिणी हसत. पण त्या वेळी माझे खरे दुःख वेगळे होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वर्गात सर इंग्रजीचा पाठ शिकवू लागले की सगळ्यांना समजते आहे आणि मला एकटीलाच समजत नाही असे वाटे. विचारण्याची लाज वाटे. मी गाइड आणून उत्तरे धडाधड पाठ केली. पहिल्या सत्राच्या परीक्षेत प्रश्न जरा फिरवून आला आणि इंग्रजीत मी नापास झाले.

दिवाळीला घरी गेले ती पेटी भरूनच. परत यायचे नाही असे ठरवले होते. कुणाला सांगितले नव्हते. पहाटे आबांपुढे बसले. चौताल वाजवताना 'तिट कत गदि गन'पाशी हात नेहमीसारखे अडखळले आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा तिथेच अडले, पुन्हा पहिल्यापासून. चार-पाच वेळा असे झाल्यावर आबा म्हणाले, "जे येतंय त्येच किती येळा वाजवशील? अडतंय तेवढंच घे की."

त्या दिवशी मी फक्त चार मात्रा वाजवल्या. तिट, कत, गदि, गन. तास-दीड तास. आधी नुसता उजवा हात, मग नुसता डावा, मग दोन्ही. दुपारपर्यंत अडखळ गेली असे म्हणणार नाही, पण ती नेमकी कुठे आहे ते कळले. 'गदि'च्या आधी माझा डावा हात उचललाच जात नव्हता.

पेटी घेऊन मी परत आले. इंग्रजीच्या पुस्तकातला एकच परिच्छेद घेतला. अडलेल्या शब्दाखाली रेघ मारली आणि तेवढेच शब्द घेऊन सरांच्या खोलीत गेले. सर रागावतील असे वाटले होते. त्यांनी खुर्ची पुढे केली. वर्षअखेरीस मला इंग्रजीत 46 गुण मिळाले. पहिल्या वर्गाच्या मैत्रिणींना ते थोडे वाटतील.

याच ग्रंथालयात मला कळले की पखवाजाचे थोर वादक नाना पानसे मूळचे वाईकडचे, आणि इंदूरला त्यांनी नाव कमावले. आणि आबान मिस्त्री नावाच्या मुंबईच्या एक बाई तबला वाजवीत, तबला-पखवाजाच्या घराण्यांवर त्यांनी ग्रंथ लिहिला. 2012 साली त्या वारल्या. हे मी आबांना सांगितले. ते म्हणाले, "मग तू कशापायी भितीस?"

भिण्यासारखे होतेच. यंदाच्या सप्ताहात आबांनी मला हरिपाठाला उभे केले. एक वयस्कर टाळकरी म्हणाले, "पोरीनं मृदुंग गळ्यात घालायचा?" आबा शांतपणे म्हणाले, "मुक्ताबाईचे अभंग म्हणता, तवा न्हाई इचारत." त्या गृहस्थांनी टाळ खाली ठेवले नाहीत, पण सबंध हरिपाठात माझ्याकडे पाहिलेही नाही. मृदंगाचे ओझे मानेला इतके जाणवते हे मला तोवर ठाऊक नव्हते. मी वाजवले. फार चांगले नव्हे. एकदा लय माझ्या हातून पुढे पळाली आणि टाळांनीच तिला मागे ओढून धरले. त्यांत त्या गृहस्थांचेही टाळ होते.

घरी आले तेव्हा आई भाकरी थापीत होती. मान वर न करता म्हणाली, "तिसऱ्या अभंगाला पळालीस."

मी चकित झाले. "तुला गं काय कळतं?"

आईने भाकरी तव्यावर टाकली आणि सबंध चौताल म्हणून दाखवला, टाळी-कालासकट. एक मात्रा चुकली नाही. "कधी शिकलीस?"

"शिकले कुठं? तुझ्या दादाला शिकवत हुते, तवा ऐकलं."

आईने शाळा पाहिलेली नाही. मी कणीक मळून देत होते म्हणून माझ्यावर अन्याय झाला असे मला इतके दिवस वाटे. माझ्याआधी वीस वर्षे ती कणीक आईने मळली होती, हे माझ्या ध्यानातही आले नव्हते.

रात्री आबा निजल्यावर मी मृदंग पुढे ओढला. आई नको नको म्हणत होती. शेवटी तिने एकदाच 'ता' वाजवला, आणि लगेच हात पदराला पुसला. बोल चांगला उमटला नाही. माझाही पहिला उमटला नव्हता.