पंखा फिरतो, पण डिस्प्ले येत नाही

"काँप्युटर चालूच होत नाही," म्हणत गिऱ्हाईक उल्हासनगरच्या दुकानात येतं, तेव्हा मी लगेच पेटी उघडत नाही. आधी विचारतो, पंखा फिरतो का? बीप येते का? स्क्रीनवर कंपनीचं नाव तरी दिसतं का? मशीन कुठपर्यंत जाऊन अडलंय, ते मला आधी हवं असतं.

बटण दाबलं की सगळं ठरलेल्या क्रमाने होतं. एसएमपीएस, म्हणजे पेटीतला वीजपुरवठ्याचा डबा, १२, ५ आणि ३.३ व्होल्ट तयार करतो. ते स्थिरावले की मदरबोर्डाला 'पॉवर गुड'चा सिग्नल देतो, आणि त्यानंतरच प्रोसेसर बायोस, म्हणजे बोर्डावरचा सुरुवातीचा प्रोग्राम, वाचायला लागतो. मग रॅम, डिस्प्ले, शेवटी डिस्क. पंखा फिरतोय म्हणजे बोर्ड धडधाकट, असं लोक धरून चालतात. पंख्यावरून फक्त १२ व्होल्ट येताहेत एवढंच कळतं. पुढचे टप्पे न तपासता "बोर्ड गेला" सांगून मोकळं होणारे कारागीर पाहिले की माझा जीव जळतो. कुणाचे तरी कष्टाचे पैसे असतात ते.

अंबरनाथ एमआयडीसीत केमिकल कंपन्यांच्या शेजारच्या ऑफिसांतली मशीनं तर ओळखू येतात. हवेतल्या गंधकाच्या वायूंनी तांबं काळवंडतं, कॉन्टॅक्ट धरत नाहीत. रॅम काढून तिची सोनेरी पट्टी खोडरबराने पुसतात, ते ठीक, पण हलक्या हाताने. तो मुलामा मायक्रॉनभराहूनही पातळ असतो. आणि स्लॉट साफ करायचं बहुतेकजण विसरतातच.

नदीकाठच्या बदलापूरचं दुखणं पाण्याचं. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीला पूर आला, महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ अडकली, हजारावर प्रवासी बाहेर काढावे लागले. त्यानंतर दुकानात चिखलाच्या वासाची मशीनं येऊ लागली.

"दादा, पंख्याखाली ठेवून चांगलं सुकवलंय हो."

"ताई, आतला सेल काढला होता का?"

तो कुणीच काढलेला नसतो. रुपयाएवढा, ३ व्होल्टचा सीआर २०३२. प्लग काढला तरी ओल्या बोर्डात त्याचा करंट चालूच राहतो आणि तांब्याच्या रेषा खात बसतो. सेलच्या आजूबाजूला हिरवी बुरशी धरल्यासारखं दिसतं, ते त्यामुळेच.

घरच्यांना बोर्डाचं फारसं नसतं, त्यांना बारशाचे फोटो हवे असतात. साध्या हार्ड डिस्कला हवेसाठी बारीक छिद्र असतं, पुराचं पाणी तिथून आत शिरतं. तशीच फिरवली तर गाळाने आतल्या चकतीवर ओरखडे पडतात, आणि फोटो कायमचे जातात.

म्हणून नदीकाठच्या गिऱ्हाइकांना मी जूनमध्येच सांगून ठेवतो: पेटी माळ्यावर चढवा. नाही जमलं आणि भिजलीच, तर प्लग काढा, सेल काढा, चिखलासकट घेऊन या. फक्त "बघू तरी" म्हणून बटण दाबू नका.