दोरी हवेत आहे

माल जड असला की तो बसल्या जागी बसतो, असं मी बरीच वर्षं मानत आले. कुणी शिकवलं नव्हतं, डोळ्यांना तसं दिसायचं. प्लायवूडची १८ एमएमची एक आठ बाय चार फुटांची शीट उचलताना दोन हमालांच्या मानेच्या शिरा फुगतात. अशा दहा-पंधरा शीट छोट्या हत्ती टेम्पोत पडल्या की गाडीचे पाटे दबतात, मागची बाजू खाली बसते. हे ओझं कुठं जाणार आहे? वरून एक दोरी टाकायची ती पोलिसांना दिसावी म्हणून, आणि निघायचं. हमाल माल अडवायला ठोकळे मागायला लागले की मी घड्याळाकडे बघायचे.

धायरीत आमचं मॉड्युलर फर्निचरचं वर्कशॉप आहे. माल येतो भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून. त्यातला पुष्कळसा हरियाणातल्या यमुनानगरचा, नाहीतर केरळातल्या पेरुंबावूरचा. माझ्या मताला बळकटी यायची ती इथूनच. हजार-दीड हजार किलोमीटर ट्रकमधून आलेला माल काठोकाठ शाबूत असतो, मग स्वारगेटवरून सिंहगड रोडला यायला एवढा थाट कशाला? ट्रक गच्च भरलेला असतो, शीटला सरकायला जागाच नसते, आणि आमच्या टेम्पोत मात्र दोन्ही बाजूंना जागा असते, हे तेव्हा लक्षातच घेतलं नव्हतं.

मत पहिल्यांदा हललं ते एका दोरीमुळे. आमचे नेहमीचे टेम्पोवाले मामा कमी बोलतात. त्या दिवशी क्लीनर पोरानं नायलॉनची दोरी अशी आवळली होती की टिचकी मारली तर वाजत होती. मी म्हटलं, झालं, निघा. मामा म्हणाले, “ताई, जरा दोरीखाली हात घाला.” घातला. तो आरपार गेला, मालाला न लागता. “दोरी हवेत आहे,” एवढंच म्हणून ते ठोकळे शोधायला गेले.

छोट्या हत्तीचा हौदा साधारण सव्वासात फूट लांब, पाच फुटांना थोडा कमी रुंद, आणि त्याच्या कडा जेमतेम फूटभर उंच. १८ एमएमच्या दहा शीटची थप्पी भरते १८ सेंटिमीटर, म्हणजे सात इंच. दोरी एका कडेवरून दुसऱ्या कडेवर ताणली जाते आणि माल तिच्या चार-पाच इंच खाली मोकळा पडलेला असतो. कितीही आवळा, ती हौद्याच्या पत्र्यालाच आवळते. पंधरा शीट घेतल्या तरी थप्पी कडेच्या खालीच राहते. रॅचेटचा महागडा पट्टा आणला तरी तेच, कारण दोष दोरीच्या ताकदीत नाहीच. थप्पीवर आडव्या जाड रिपा टाकायच्या, गरज पडली तर एकावर एक दोन, म्हणजे त्या कडेच्या वर येतात. मग दोरी त्यांच्यावरून वाकून जाते आणि खरोखर खाली दाबते. पुढे आम्ही पट्टेही घेतले, कारण नायलॉनची दोरी ताण आला की लांबते आणि पॉलिएस्टरचा पट्टा त्या मानानं फार कमी. पण दोघांत निवडायचं झालं तर मी आधी रिपा निवडेन.

यानंतरही वजनाबद्दलचा माझा समज शिल्लक होता. शीट बांधलेली नाही हे कबूल, पण जड तर आहे ना? तो समज सुटला एका साध्या हिशेबानं, आणि शाळेत हे शिकलेली असूनही मी तो उशिरा मांडला. वजन दुप्पट झालं की हौद्याच्या पत्र्यावरची पकड दुप्पट होते, हे खरं. पण ब्रेक दाबल्यावर माल पुढे जाण्याचा जोरही तितकाच दुप्पट होतो. म्हणजे हिशेबातून वजन कटलं. उरला फक्त पृष्ठभाग. कोरडं खरखरीत लाकूड लाकडावर बऱ्यापैकी धरतं. लॅमिनेट लावलेली किंवा शटरिंगची गुळगुळीत शीट फारच कमी धरते, आणि स्पीडब्रेकरवर हौदा उडाला की त्या क्षणी काहीच धरत नाही. वजनाचा उपयोग एकाच वेळी होतो, तो म्हणजे सुटलेला माल केबिनवर आदळतो तेव्हा. ३२ किलोच्या दहा शीट म्हणजे सव्वातीनशे किलो.

घाटाचंही तसंच. वाईला माल पाठवायचा असला की मी खंबाटकीच्या नावानं धास्तावायचे, चार फोन करायचे. दहाला एक असा चढ धरला तरी तो मालाला त्याच्या वजनाच्या दहाव्या भागानं मागे ओढतो. सिंहगड रोडवर समोर दुचाकी आडवी आली आणि मामांनी करकचून ब्रेक दाबला, तर तोच माल वजनाच्या सत्तर-ऐंशी टक्के जोरानं पुढे जायला बघतो. अमेरिकेत ट्रकवरचा माल बांधायचा नियमच असा आहे की बांधणीनं पुढच्या दिशेला वजनाच्या ०.८ पट आणि बाजूला व मागे ०.५ पट जोर सोसला पाहिजे. घाटासाठी फोन करणारी मी, रोजच्या रस्त्यासाठी घड्याळ बघत होते.

आता माल केबिनकडच्या पत्र्याला टेकवून लावतो, मध्ये फेविकॉलचे डबे ठेवायला फट सोडत नाही. थप्पीच्या दोन्ही बाजूंना जो पाच-पाच इंचांचा मोकळा पट्टा राहतो तिथं ठोकळे ठोसतो. गुळगुळीत शीट असतील तर खाली गोणपाट. मनापासून सांगायचं तर ठोकळे मला आवडले ते माणसांच्या काळजीपोटी नव्हे. बाजूला आपटून कोपरे फुटायचे ते थांबलं, आणि एमडीएफचा चेपलेला कोपरा परत भरून येत नाही. माणसं वाचतील हे नंतर मनात आलं. क्रम बरा नाही, पण तसा होता.

पातळ शीटबाबत मी आधीच्या मताच्या अगदी उलट गेले. जड खाली, हलकं वर, हा भरणीचा नियम मला इतका पक्का वाटायचा की त्यावर कुणी बोललं तर हसू यायचं. पण कपाटाच्या पाठीची चार एमएमची शीट जेमतेम सात किलोची असते आणि पसारा मात्र पूर्ण बत्तीस चौरस फुटांचा. ताशी ६० किलोमीटरला त्या पसाऱ्यावर समोरून येणाऱ्या हवेचा दाब पूर्ण धरला तर पन्नास किलोच्या घरात जातो. सगळा काही शीटखाली शिरत नाही, पण सात किलो उचलायला थोडा पुरतो. म्हणून पातळ शीट आता दोन जाड शीटच्या मध्ये जातात. उतरवताना हमाल वैतागतात, आणि त्यांचं चुकत नाही.

लांबीचं दुखणं मात्र रिपांनी सुटत नाही. शीट आठ फुटी, हौदा सव्वासात फुटी. मागचा फाळका उघडा ठेवला तर नऊ-दहा इंच माल बाहेर डोकावतो. फाळका लावून शीट त्यावर तिरप्या टेकवल्या तर अर्धं वजन फाळक्याच्या कड्या-कोयंड्यांवर येतं आणि शीटला पोक येतो. मी वर्षानुवर्षं उघड्या फाळक्याच्या बाजूनं भांडले, लाल फडकं बांधलं की भागतं म्हणून. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मर्यादेबाहेर निघालेल्या मालाला मोटार वाहन कायद्यात २०,००० रुपये दंड आहे. तो वाचल्यावर फडक्यावरची माझी श्रद्धा बरीच पातळ झाली.

वजनाचीही फसगत होते. १८ एमएमची एमडीएफ शीट साधारण ४० किलोची. वीस रचल्या तर थप्पी गुडघ्याइतकीही होत नाही, आणि भार ८०० किलो, छोट्या हत्तीच्या क्षमतेबाहेर. त्यामुळे लांब हौद्याची बोलेरो पिकअप मागवणं ही उधळपट्टी आहे, हे माझं सर्वांत जुनं मतही गेलं. भाड्यातला फरक मी कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत दाखवते. काही ग्राहक नेमकी तीच ओळ खोडायला सांगतात. मी खोडते, आणि तेवढी रक्कम बिजागऱ्यांत धरते.