टेकडीखालची बाजारपेठ

सोलला नोकरी करणाऱ्या मुलाकडे निघाले, तेव्हा श्रीरामपूरच्या भाचीने हळूच चिठ्ठी दिली : ‘मावशी, गोरे करणारे कोरियन क्रीम आण.’ तिला पाहून गेलेल्या दोन स्थळांनी रंगावरून नकार कळविला होता.

सोलमधील म्योंगदोंगचे कॅथेड्रल टेकडीवर आहे. १८९८ साली त्याचे समर्पण झाले. तळघरात एकोणिसाव्या शतकातील छळात प्राणार्पण केलेल्या हुतात्म्यांच्या अस्थी आहेत. तेथे प्रार्थना करून टेकडी उतरले, तो जवळच सौंदर्यप्रसाधनांची बाजारपेठ! चेहऱ्यावर पसरायचे ओले मुखवटे, तांदळाच्या पाण्याची प्रसाधने, एवढेच काय, गोगलगायीच्या स्रावाचे मलमही! विक्रेती मुलगी अदबीने हातावर लावून दाखवीत होती.

उजळपणाची डबी उचलली आणि थबकले. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेत ही पोर माझा हात धरून मला गर्दीतून नेते. तो हात सावळाच आहे. ‘मुलगी गुणी आहे, पण सावळी’ या वाक्यातील ‘पण’ मीही कितीदा उच्चारला होता! ही डबी नेणे म्हणजे त्या दोन स्थळांच्या म्हणण्यावर माझी सही करणे.

डबी परत ठेवली. उन्हापासून त्वचेचे रक्षण करणारे मलम घेतले.

“याने मी गोरी होईन?” भाचीने विचारले.

“नाही ग. उन्हाने भाजणार नाहीस, एवढेच.”

ती हिरमुसली. मात्र पुढच्या यात्रेला निघताना तिने ती नळी काढली आणि आधी माझ्याच चेहऱ्याला मलम लावले.