हाड तेच आहे

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. ऑपरेशनला परवा ११ आठवडे झाले. मधल्या काळात इथल्या दोस्तांच्या मेल्स आल्या आणि नातेवाईकांचे आईला फोन. दोस्तांचा प्रश्न, "नक्की काय काय केलं गं?" नातेवाईकांचा, "आता ओळखू येते ना?" प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यायचा कंटाळा आलाय, म्हणून हे एकत्रच. साताऱ्याच्या मावशीने बाकीच्यांना वाचून दाखवावं, म्हणजे तिला जे गाळायचंय ते तिला गाळता येईल. :)

आधी काय केलं ते. हार्मोन्स सुरू होऊन मला चार वर्षं झाली. त्यांनी त्वचा बदलते, चेहऱ्यावरची चरबी जरा इकडची तिकडे होते, पण वयात येताना घडलेलं हाड त्यांना जुमानत नाही. भुवयांवरचा उंचवटा, जबड्याचे कोपरे, हनुवटी... हे सगळं जिथल्या तिथे राहतं. ते बदलायचं तर शस्त्रक्रियाच लागते. तिला फेशियल फेमिनायझेशन सर्जरी म्हणतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. डग्लस ऑस्टरहाउट यांनी १९८२च्या सुमारास ती सुरू केली. मूळचे ते कवटी आणि चेहऱ्याच्या हाडांचे सर्जन. बाईच्या आणि पुरुषाच्या चेहऱ्यात फरक नेमका कुठे असतो हे शोधायला त्यांनी जुन्या कवट्यांचा एक मोठा संग्रह अभ्यासला. तेव्हा "नटण्यामुरडण्याचं ऑपरेशन" म्हणणाऱ्या काकांना नम्र निवेदन, हे काम कातडीचं कमी आणि हाडांचं जास्त आहे.

माझं कपाळ, जबडा आणि हनुवटी झाली. कपाळासाठी या कानापासून त्या कानापर्यंत केसांतून छेद, आणि जबडा-हनुवटीचं काम तोंडाच्या आतून. त्यामुळे चेहऱ्यावर बाहेरून एकही टाका नाही. केसांतल्या स्टेपल्स बाराव्या दिवशी काढल्या. त्या किती होत्या ते मी मोजलं नाही, आईने मोजलं आणि सांगितलं नाही.

आता नंतरचं. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते. तिसऱ्या दिवशी माझे डोळे फटीएवढे उघडत होते. निळं-काळं साकळलेलं रक्त रोज थोडं खाली उतरत मानेपर्यंत आलं, मग हिरवं झालं, मग पिवळं. तीन उशा घेऊन अर्धवट बसून झोपायचं. वाकायचं नाही. नाक शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून द्यायची. दोन आठवडे पेज, मुगाचं कढण, नाचणीची आंबील. लोणचं-पापड बंद, कारण मिठाने सूज धरून राहते. खालचा ओठ इतका बधिर की चहा हनुवटीवरून ओघळला तरी पत्ता नाही. गळ्यात नॅपकिन बांधून मी आंबील प्यायचे आणि आई समोर बसून दुसरीकडे बघायची.

दुसऱ्या आठवड्यात मात्र रडू आलं. कशाचं असं सांगता येत नाही. आरशात जी दिसत होती ती जुनी मी नव्हते आणि नवीही नव्हते, कुणीतरी सुजलेली तिसरीच. नर्सने आधीच बजावलं होतं, "आरसा बघ, पण त्यावरून काही ठरवू नकोस." हे मी कागदावर लिहून आरशालाच चिकटवलं. बरीचशी सूज पहिल्या दीड महिन्यात उतरते, पण शेवटची उतरून हाडाचा खरा आकार दिसायला वर्ष जातं. टाळू अजून बधिर आहे. मज्जातंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो म्हणे. मध्येच डोक्यात खाज सुटते, खाजवायला जावं तर बोटांना डोकं लागतं, डोक्याला बोटं लागत नाहीत!

आता बाबांबद्दल. हे लिहू का, असं त्यांना विचारलं. "व्याकरण नीट लिही," एवढंच म्हणाले. म्हणजे हो.

बाबांनी ३१ वर्षं शाळेत मराठी शिकवलं. चार वर्षांपूर्वी मी घरी सांगितलं तेव्हा ते चिडले नाहीत, ओरडले नाहीत. त्यांनी फक्त प्रयोग बदलला. आई अडखळत का होईना, "झोपलास... झोपलीस का?" असं करत शिकली. बाबांनी माझ्याशी बोलताना कर्तरी प्रयोगच सोडून दिला. "आलास" नाही आणि "आलीस" पण नाही. "औषध घेतलंस?" कर्मणी. "बसवतं का?" भावे. नाहीतर सरळ आज्ञार्थ, "ये", "बस", "जेव". मराठीत आपल्या मुलाशी चार वर्षं लिंग न दाखवता बोलणं किती अवघड आहे, एक दिवस करून बघा. दर वाक्याला त्यांना विचार करावा लागत असणार. मला राग यायचा आणि त्यांची दयाही यायची.

ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी ते माझ्या खोलीत आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "ते कपाळाचं हाड... ते टाकून दिलं का त्यांनी?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आमच्या घरात कपाळ ही ओळख आहे. हॉलमधल्या आजोबांच्या फोटोत भुवयांवर तोच उंचवटा, बाबांना तोच, आणि मलाही. त्यांना वाटत होतं की मी त्यांच्याकडून आलेलं काही तरी काढून कचऱ्यात दिलं.

मी त्यांना कागदावर चित्र काढून समजावलं. कपाळाच्या हाडात हवेची एक पोकळी असते, फ्रंटल सायनस. तिच्या पुढच्या भिंतीमुळे तो उंचवटा दिसतो. ती भिंत अलगद सोडवतात, आकार देतात आणि थोडी मागे सरकवून टायटेनियमच्या बारीक पट्ट्यांनी परत बसवतात. कडेचं हाड घासलं जातं, ते गेलं. पण मधलं माझंच, म्हणजे आपलंच.

"हाड तेच आहे बाबा, जरा मागे बसवलंय."

त्यांनी कागद बराच वेळ पाहिला. "जुळायला किती दिवस?" म्हणाले. काही महिने, मी म्हटलं. कागद घडी करून खिशात ठेवून गेले.

नवव्या आठवड्यात मी पहिल्यांदा एकटी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन आले. परत आले तर बाबा पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "आलीस? छत्री बाहेर ठेव."

मी छत्री बाहेर ठेवली आणि तिथेच जरा वेळ उभी राहिले.

ही गोष्ट ऐकून एक मैत्रीण म्हणाली, "बघ, चेहरा बदलला म्हणून जमलं त्यांना." मला ते पटत नाही, आणि पटवून घ्यायचंही नाही. माझ्या ओळखीच्या कितीतरी जणींना हे ऑपरेशन परवडत नाही, काहींना ते नकोच आहे. हाड कापल्याशिवाय "आलीस" मिळणार नसेल तर त्यांनी काय करायचं? बाबांनी ११ आठवडे आंबील ढवळली, रात्री माझ्या उशा सरळ केल्या, आणि त्या घडी केलेल्या कागदाचा त्यांच्या परीने विचार केला. मला वाटतं, फरक त्याने पडला. अर्थात हे खरंच तसं आहे की मला तसं हवंय, हे मलाही नक्की सांगता येणार नाही.

असो. गौरी-गणपतीला सगळे येताय, तेव्हा थोड्या सूचना. चेहऱ्याकडे खुशाल बघा, चोरून बघू नका. अजून संध्याकाळी सूज चढते, त्यामुळे "काहीच फरक नाही" किंवा "केवढा फरक!" यातलं काहीही लगेच ठरवू नका. हनुवटीला हात लावून लाड करू नका, तिथे मुंग्या येतात. प्रश्न असतील तर आईला स्वयंपाकघरात गाठून नाही, मलाच विचारा. आणि बाबांनी "आलीस" म्हटलं तर कुणीही चमकून त्यांच्याकडे बघू नका, प्लीज.

डॉक्टरांनी गेल्या आठवड्यात कडक पदार्थांना परवानगी दिली आहे. मावशी, चकल्यांचा डबा आणशील ना?