लाटांची मजल

दोन पोलारॉइड काचा एकमेकींना काटकोनात धरून दिव्याकडे पाहिलं, तर अंधार दिसतो. त्यांच्या मधोमध तिसरी काच ४५ अंशांत तिरकी सरकवली, की उजेड परत येतो. पहिल्या काचेतून निघालेल्या उजेडाचा जवळपास चौथा हिस्सा. अडथळा वाढवावा आणि प्रकाशही वाढावा, हा जरा चावटपणाच. पण यात क्वांटम काहीही नाही. लाटेचा जेवढा भाग काचेच्या दिशेत बसतो तेवढाच पुढे जातो, हा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मालूसने सांगितलेला हिशेब.

हा हिशेब हाताशी ठेवून जॉन बेल यांच्या १९६४ च्या कोड्याकडे पाहावं. दोन साक्षीदार दूरदूर बसवायचे. प्रत्येकाला दोनपैकी एक प्रश्न विचारायचा. उत्तर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’. प्रश्नांच्या चारही जोड्यांत उत्तरं कितपत जुळली, यावरून क्लाउझर आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये एक आकडा बांधला. साक्षीदार कितीही पढवलेले असोत, तो २ च्या वर जात नाही. साक्षीदार म्हणून बसवलेले गुंफलेले फोटॉन मात्र २√२ पर्यंत, म्हणजे २.८२८ पर्यंत पोचतात. त्यापुढे क्वांटम नियमही जाऊ देत नाहीत, हे सिरेलसन यांनी १९८० मध्ये सिद्ध केलं. गंमत अशी, की नुसत्या बेरजेला ४ ही चालतो. पोपेस्कू आणि रोरलिक यांनी १९९४ मध्ये दाखवलं, की ४ आला तरी प्रकाशाहून वेगाने निरोप धाडता येत नाही. मग निसर्ग मध्येच का अडतो?

प्रश्न म्हणजे पोलारॉइड काचेचा कोन. एका बाजूला ०° आणि ४५°, दुसऱ्या बाजूला २२.५° आणि ६७.५° असे कोन घ्या. तीन जोड्यांत फरक २२.५ अंशांचा, दुप्पट केला की ४५, त्याची कोज्या ०.७०७. चौथ्या जोडीत तीच किंमत उणे येते, पण ती वजाच करायची असते. चोक २.८२८. या गणितात फोटॉन कुठेच आला नाही! कोनांची ही भूमिती लाटांच्या घरचीच आहे. रॉचेस्टरला एबर्ली आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये सांख्यिकीदृष्ट्या अभिजातच म्हणावा अशा प्रकाशझोतात २.५४८ मोजून दाखवले. ध्रुवीकरण आणि त्याच झोताचा दुसरा एक गुणधर्म त्यात एकमेकांत गुंतलेले होते. आपल्याकडच्या मुकुंद आणि सायमन यांनीही इटालियन सहकाऱ्यांबरोबर अशाच बिगर-क्वांटम गुंफणीने ध्रुवीकरणातला एक जुना प्रश्न सोडवला होता.

म्हणून कोडं सुटलं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. त्या झोतात दोन्ही साक्षीदार एकाच पिंजऱ्यात उभे आहेत. त्यांनी आपसांत कुजबुज करू नये असं कोणी बजावलेलंच नाही. शिवाय लाट ‘हो’ म्हणत नाही, ‘नाही’ म्हणत नाही. काही इकडे, काही तिकडे अशी वाटली जाते. तीच लाट दोन लांबच्या ठिकाणी धाडा, पोचलेल्या हिश्श्यावरून जिथल्या तिथे उत्तर द्यायला लावा, की आकडा मुकाट २ च्या आत येतो. मर्यादा कुठे असावी ते लाटांना ठाऊक आहे, पण इतक्या अंतरावरून तिथवर जाणं त्यांना जमत नाही.

त्याच २०१५ मध्ये डेल्फ्टला १.३ किलोमीटर अंतरावरच्या दोन हिऱ्यांतल्या इलेक्ट्रॉनांची साक्ष झाली. प्रकाशालाही ते अंतर कापायला चार मायक्रोसेकंदांहून अधिक लागतात, आणि दोन्ही उत्तरं त्याआधीच नोंदली गेली होती. आकडा आला २.४२, रॉचेस्टरपेक्षा कमीच. खळबळ मात्र त्याचीच झाली, आणि ते रास्तच होतं.