आजीचे अठरा मेंबर

दुपारी एकच्या सुमारास लोअर परळमधल्या कुठल्याही ऑफिस कॉम्प्लेक्सच्या गेटवर उभं राहून बघा. बाइकवाल्या डिलिव्हरी बॉइजची रांग, गळ्यात आयकार्ड अडकवून खाली आलेली जनता आणि 'भैया, किधर हो?'चा गजर. बिर्याणी, सॅलड, थाळी, जे हवं ते थोड्या वेळात हजर. पाच मिनिटं उशीर झाला की आपण एक स्टार कापून मोकळे! या भागात एकेकाळी गिरण्या होत्या, हे आपल्याला ऐकून माहीत असतं. पण त्या गिरण्यांमधली माणसं जेवायची कुठे, हा प्रश्न सहसा पडत नाही.

त्यातले अठरा जण आमच्या घरी जेवायचे.

माझी आजी खानावळवाली. १९५८ साली लग्न होऊन संगमेश्वरकडून ती लालबागच्या चाळीत आली. दहा बाय बाराची खोली, आजोबा गिरणीत साचेखात्यात आणि पाठोपाठ चार मुलं. एका पगारात भागेना म्हणून तिने 'जेवणारे' ठेवले. आधी दोन, मग पाच, करत करत अठरा. तेव्हाच्या गिरणगावात अशा खानावळी चाळीचाळीत होत्या. कोकण, सातारा, कोल्हापूरकडचे पुरुष नोकरीसाठी एकटेच मुंबईत यायचे, बायकामुलं गावाला. एका गावची माणसं मिळून एक खोली घ्यायची आणि पाळीपाळीने तिथे पाठ टेकायची. जिथे झोपायलाच जागा नाही, तिथे चूल कुठे मांडणार? त्यांच्या पोटाची जबाबदारी आजीसारख्या बायकांवर.

'घरगुती जेवण' म्हटलं की आपल्याला उगाच काहीतरी हळवं वाटायला लागतं. प्रत्यक्षात ती चक्क ऑपरेशन्सची नोकरी होती. गिरणी तीन पाळ्यांत चालायची. सकाळच्या पाळीवाल्यांसाठी आजीचा स्टोव्ह पहाटे चारला पेटायचा. दुसरी पाळी मध्यरात्री सुटली की ती माणसं जेवायला यायची. त्यांची ताटं घासून होईपर्यंत एक वाजायचा. मग तीन तास झोप, की पुन्हा स्टोव्ह. 'ट्वेंटी फोर बाय सेव्हन' हा शब्द आपल्याकडे यायच्या कितीतरी आधी ती तसं जगत होती, तेही रेशनचं रॉकेल आणि चाळीच्या नळाच्या भरवशावर.

आणि हिशेब! तिसरीपर्यंत शिकलेली आजी एका लांबोड्या वहीत प्रत्येक मेंबरचं पान ठेवायची. हो, ती त्यांना मेंबरच म्हणायची. कोणी गावी गेला की त्याच्या पानावर 'खाडा' पडायचा, तेवढे पैसे वजा. तापाने फणफणलेल्यासाठी केलेली पेज किंवा उपासवाल्याची साबुदाण्याची खिचडी मात्र वहीत कधीच चढली नाही. ते तिच्या लेखी खर्चात धरायचं नसे.

पैशांची मात्र कायम ओढाताण. मेंबर पैसे देणार पगार झाल्यावर. तोवर वाणी थांबायचा, पण चढा भाव लावून. तेवढ्यानेही भागलं नाही की सावकार. आजीचं मंगळसूत्र तिच्या गळ्यात कमी आणि सावकाराच्या तिजोरीत जास्त असायचं, असं आत्या सांगते. बँकेत जावं, तर तारण काय ठेवणार? चाळीतली भाड्याची खोली?

हा पेच एकट्या आजीचा नव्हता. १९७४ च्या सुरुवातीला गिरणी कामगारांचा ४२ दिवसांचा संप झाला. पगार बंद असताना या माणसांना उधारीवर जेवू कोण घालत होतं? खानावळवाल्या! हे नेमकं हेरलं प्रेमा पुरव यांनी. गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या आणि मुंबईत कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमाताईंनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. कल्पना साधी होती. बायकांनी गट करायचा, एकमेकींना जामीन राहायचं आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून छोटं कर्ज घ्यायचं. बांगलादेशात मुहम्मद युनूस यांनी गरिबांना छोटी कर्जं द्यायचा प्रयोग सुरू केला १९७६ मध्ये. त्यातून उभ्या राहिलेल्या ग्रामीण बँकेला २००६ साली त्यांच्यासह नोबेल मिळालं आणि ती एमबीएवाल्यांची लाडकी केस स्टडी झाली. आपल्या लालबाग-परळच्या बायकाही त्याच सुमारास या वाटेवर होत्या. प्रेमाताईंना २००२ साली पद्मश्री मिळाली.

आजीने कर्ज घेतलं, सावकाराचं तोंड बंद केलं आणि तिथून तिची दुसरी नोकरी सुरू झाली. बिनपगारी! गटातल्या बायकांचे हप्ते गोळा करायचे. नवीन बाईला घेऊन बँकेत जायचं. अंगठा लावणाऱ्या बायकांना दुपारी चाळीच्या गॅलरीत बसवून सही करायला शिकवायचं. पाटीवर स्वतःचं नाव पहिल्यांदा उमटलं की काही बायका रडायच्या म्हणे. आजी म्हणायची, "रडू नंतर, आधी दहा वेळा गिरव." शिवाय गावाहून कोणी टाटा हॉस्पिटलला उपचारांसाठी आलं की बाहेर फुटपाथवर बसलेल्या त्यांच्या माणसांना डबा आजीचाच. चार डबे नेले की बाजूच्या अनोळखी कुटुंबालाही त्यातलंच वाढायचं.

इथपर्यंतची आजी कोणालाही आवडेल. पुढची थोडी अवघड आहे.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, त्यात आजोबाही. अठरा मेंबरांपैकी सात जण गावी गेले, अकरा राहिले. महिना गेला, सहा महिने गेले. आजीने अकराही ताटं चालू ठेवली. भाताचं प्रमाण वाढलं, डाळ पातळ झाली, मासळी बंद. सोडवलेलं मंगळसूत्र पुन्हा गहाण पडलं. वहीत नुसत्या उधारीच्या ओळी. याच वर्षी आत्याची शाळा सुटली. ती नववीत होती, हुशार होती. पण आजी पापड-मसाल्यांची कामं घ्यायला लागली आणि घरच्या तव्यावर बसायला कोणीतरी हवं होतं. 'कोणीतरी' म्हणजे अर्थातच मुलगी. बाबांची शाळा चालू राहिली.

बाबांच्या बोलण्यात हा सल अजून डोकावतो. "आमच्या फिया थकायच्या आणि ही जगाला वाढायची." आत्या मात्र चिडत नाही. ती म्हणते, "ते अकरा जण काय परके होते? रातपाळीहून येताना माझ्यासाठी पेन्सिली आणायचे." मला दोघांचंही पटतं. आजीची माया खरी होती, आणि तिची किंमत घरातल्या एका मुलीने मोजली, हेही खरं आहे. आजीला हे ठाऊक होतं. संपानंतर बस्तान जरा बसल्यावर तिने आत्याला रात्रशाळेत घातलं. पहिले कित्येक दिवस रात्री स्वतः आणायला जायची. दहावीचा निकाल लागला तेव्हा आत्या तेवीस वर्षांची होती.

तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. अकरापैकी चौघांनी नंतर पैसे आणून दिले. एकाचा मुलगा तर बाप गेल्यावर काजूची पिशवी आणि पाकीट घेऊन दारात उभा राहिला. बाकीच्यांचं काय, असं मी आजीला एकदा विचारलं होतं. "जेवले ना ते? झालं तर," म्हणाली आणि लसूण सोलत राहिली.

दोन वर्षांपूर्वी, चौऱ्याऐंशीव्या वर्षी आजी गेली. मृत्यूची नोंद करायच्या फॉर्मवर 'व्यवसाय' असा एक रकाना असतो. बाबा सवयीने 'गृहिणी' म्हणाले. आत्या कोपऱ्यात बसली होती. ती म्हणाली, "खानावळ लिही. चाळीस वर्षं चालवली तिने." मी तेच लिहिलं.

आपल्या पिढीला स्वतःचं प्रोफाइल अपडेट ठेवायची भारी हौस. लीडरशिप, क्रायसिस मॅनेजमेंट, मल्टिटास्किंग, सगळं कसं बुलेट पॉइंट्समध्ये! पण घरातल्या मोठ्या बायकांविषयी बोलताना मात्र 'फार प्रेमळ होती, सगळ्यांचं करायची' यावर आपली गाडी थांबते. काय करायची? किती जणांचं? किती वाजता उठून? कोणाच्या पैशाने? आणि तिच्या बरोबरीने तव्यावर कोण बसायचं? या वीकएण्डला घरी असाल तर यातला एखादा प्रश्न विचारून बघा. आजी नसेल तर आत्याला, मावशीला विचारा. आणि उत्तर मिळालं की ते कुठेतरी लिहून ठेवा, नावासकट.