बॉनेटवरची खरखर

गाडी धुऊन झाल्यावर हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बॉनेटवरून बोटं फिरवावीत. उघड्या हाताला गुळगुळीत वाटणारा पत्रा पिशवीतून रवाळ लागतो. ही धूळ नव्हे. धूळ पाण्याने गेलेली असते. हे रंगात रुतून बसलेलं असतं.

•

रुतलेल्यात लोखंड बरंच. ते ब्रेक पॅड आणि डिस्कच्या घासण्यातून उडतं. रेल्वेलाइनलगत गाडी लावणाऱ्यांना रुळांचा आणि चाकांचा चुराही मिळतो. पांढऱ्या गाडीवर त्याचे बारीक नारिंगी ठिपके दिसतात, काळीवर दिसत नाहीत, पण असतात. आयर्न रिमूव्हर फवारला की जांभळे ओघळ सुरू होतात. त्यातलं थायोग्लायकोलेट लोखंडाशी जुळून तो रंग देतं. ब्यूटी पार्लरमध्ये केस कुरळे करायच्या औषधातही हेच कुटुंब, म्हणून वासही तसाच. हातमोजे घालावेत, सावलीत काम करावं आणि ते वाळायच्या आत भरपूर पाण्याने धुवावं.

•

डांबराचे ठिपके केरोसीनच्या बोळ्याने निघतात. पाठोपाठ शाम्पूचं पाणी. पण अख्खी गाडी केरोसीनने पुसून ‘चमक’ आणणारेही आहेत. ती चमक तेलाची, संध्याकाळपर्यंत तिच्यावर रस्ताभरची धूळ बसते.

•

क्ले बार म्हणजे मळलेल्या कणकेसारखा गोळा. पत्रा शाम्पूच्या पाण्याने बुळबुळीत ठेवून तो हलक्या हाताने, सरळ रेषेत फिरवायचा. जोर लावायचा नाही. आधी खर्र आवाज येतो, मग बंद होतो. मळलेली बाजू आत दुमडून नवी बाहेर काढायची. जमिनीवर पडला तर फेकून द्यावा, कितीही महाग असला तरी. त्याला चिकटलेला एक खडा सगळ्या दरवाजावर सही करून जाईल.

•

आता पॉलिश. इथे उत्साह आवरावा. आजच्या गाड्यांचा सगळा रंग मिळून साधारण 100 ते 120 मायक्रॉन. त्यात वरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, 40-50 मायक्रॉनचा. उन्हातल्या अतिनील किरणांना अडवणारी द्रव्यं त्याच थरात. रबिंग कंपाउंड, म्हणजे खरखरीत पॉलिश, ओरखडा ‘भरत’ नाही, ओरखड्याच्या आजूबाजूचा थर घासून त्याच्या पातळीला आणतं. म्हणजे दर दिवाळीला रबिंग मारून घेणं ही गाडीची सेवा नव्हे, झीज आहे. नखाला अडकणारा ओरखडा तर सोडूनच द्यावा.

•

जुन्या एकथरी रंगाच्या गाडीवर पॉलिश केलं की फडक्यावर गाडीचा रंग उतरतो. लाल गाडी, लाल फडकं. घाबरायचं कारण नाही, वरचा विटका थर निघतोय. क्लिअर कोटच्या गाडीवर मात्र तसा रंग दिसला तर हात तिथेच थांबवावा.

•

कडांना, पत्र्याच्या घड्यांना मास्किंग टेप लावावी. तिथे रंग पातळ असतो. काळ्या प्लास्टिकलाही लावावी, त्यावर वाळलेलं पॉलिश पांढरं होऊन खाचांत बसतं. आधी फूटभर जागेवर मऊ पॉलिश करून बघायचं, पुरलं तर कंपाउंडला हात लावायचाच नाही.

•

छतावर पापुद्रे सुटून पांढुरके नकाशे उमटले असतील तर क्लिअर कोट गेलेला आहे. कुठलंही पॉलिश ते परत आणत नाही. पेंटरकडे जावं.

•

सोसायटीत रोज पहाटे एक बादली आणि एक फडकं बारा गाड्यांवरून फिरतं. बॉनेटवर उन्हात दिसणारी कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल नक्षी तिथली. फडकेवाल्याचा दोष नाही. त्या पगारात त्याला आणखी पाणी कुठून मिळणार? आम्ही त्याला फक्त काचा पुसायला सांगितलं आहे.

•

बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके ताजे असताना पातळ केलेल्या व्हिनेगरने जातात. जुने झाले की रंगात खड्डा करून बसतात. धुतल्यावर गाडी उन्हात वाळू देऊ नये.

•

दसऱ्याला बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक. पांढऱ्या गाडीवर त्याची गुलाबी छाया राहते. हळदीचा डाग उन्हाने फिकटतो, कुंकवातल्या रंगाचा भरवसा नाही. झेंडूच्या हारातली तार ओरखडे काढते, ते वेगळंच. मी स्वस्तिक काचेवर काढायचं सुचवलं. आईला ते पटलेलं नाही.